गांगुर्डेंचा बिनआवाजी कॉम्प्युटर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ज्या घरातल्या नवरा-बायकोला जन्मापासून ऐकू येत नाही, त्या घरासाठी मी नाशिक शहरातला सर्वांत शांत कॉम्प्युटर बनवला. बनवताना मी पूर्ण शुद्धीत होतो. कुणाची हरकत असल्यास त्यांनी आधी पुढची हकिकत वाचावी.

तर माझ्या काउंटरवर एक पाटी होती. शाळेतली, लाकडी चौकटीची. तिच्यावर खडूने लिहिलं होतं: "कॉम्प्युटर पाहिजे. मोठ्या टीव्हीला जोडायचा. आवाज नको."

पाटीमागे अशोक गांगुर्डे उभे होते. सातपूरला एका कारखान्यात लेथवर काम करायचे. पन्नाशी उलटलेली, शर्टाची इस्त्री कडक. शेजारी त्यांच्या पत्नी शोभाताई. त्या घरी ब्लाउज शिवायच्या. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझं तोंड नेहमीप्रमाणे चालू होतं. मग माझ्या लक्षात आलं आणि मी खडू मागितला.

"स्पीकर नको?" मी लिहिलं.

अशोकरावांनी रुमालाने पाटी पुसली. "पंख्याचा आवाज नको. अजिबात नको."

ही २००८-०९च्या सुमाराची गोष्ट. शालिमारला माझं दुकान, धंदा असेंबलिंगचा. म्हणजे सुटे भाग आणायचे, जोडायचे, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की असा कॉम्प्युटर अख्ख्या नाशकात नाही. मी बोलून विकणारा माणूस. पाटीवर एक वाक्य लिहीपर्यंत माझी पुढची तीन वाक्यं तोंडातच शिळी व्हायची. तरी खरं तेच लिहिलं: "साध्या कॉम्प्युटरचा पंखा तुम्हाला ऐकू येणार नाही. बिनपंख्याचा महाग पडेल. नका घेऊ."

शोभाताईंनी वाचलं. पाढा चुकलेल्या मुलाकडे बाई बघतात तसं माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं: "घरी या."

घर सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर. बेल दाबली तर आत लाल दिवा लुकलुकला. हीच त्यांची बेल. हॉल लहानसा, शोकेसवर बुद्धाची मूर्ती, आणि भिंतीवर त्या हॉलला न शोभणारा अवाढव्य चाळीस इंची एलसीडी टीव्ही. त्याला शोभाताईंनी ब्लाउजच्या कापडाचा झालरवाला झगा शिवलेला.

मी सवयीने इकडेतिकडे बघत होतो. खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले. शिलाई मशीन चार घड्यांच्या गोधडीवर. स्वयंपाकघरात मांडणीवरच्या ताटांमध्ये वर्तमानपत्राचे चौकोन घातलेले. मनात म्हटलं, हौशी मंडळी आहेत.

तेवढ्यात लाल दिवा पुन्हा लुकलुकला. दारात बनियन घातलेले एक गृहस्थ.

"काय शे हे?" ते थेट मलाच म्हणाले. "सकाळपासून नुसतं धाडधाड. तुम्ही कोण?"

"कॉम्प्युटरवाला."

"घ्या! आता कॉम्प्युटर! त्याची घरघर येणार ती वेगळीच. अहो, यांचं काय जातं? यांना नाही ऐकू येत, मला येतं ना!"

हे खालच्या मजल्यावरचे देवरेकाका. मूळचे सटाण्याकडचे, रागावले की तोंडून अहिराणी 'शे' निघायचं. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले. आयुष्य नाइट शिफ्टमध्ये गेलेलं, त्यात झोप जी गेली ती पेन्शन सुरू झाली तरी परत आली नाही. माणूस वाईट नव्हता. गांगुर्डेंचा गॅस संपला की गॅसवाल्याला फोन तेच करायचे. मात्र फोन ठेवला की कुकरच्या शिट्टीची तक्रारही तेच करायचे. त्यांनी अशोकरावांना आधी जमीन दाखवली, मग स्वतःचा कान दाखवला, डोळे वटारले आणि खाली गेले.

अशोकरावांनी पाटी घेतली. "आमचा आवाज आम्हाला कळत नाही. लोकांच्या तोंडावर दिसतो."

मी ते वाचलं. ट्यूबचे तुकडे, गोधडी, ताटांमधले कागद हे सगळं पुन्हा एकदा बघितलं. मग खाली लिहिलं, "बिनपंख्याचा करू." त्या दिवशी मी यापेक्षा जास्त काही बोललो नाही. माझ्या बायकोचा अजून विश्वास बसत नाही.

कॉम्प्युटर कशाला हवा, ते शोभाताईंनी सांगितलं. मुलगी वैशाली सिंगापूरला. जावई तिथल्या जहाजांच्या कारखान्यात. वैशालीला ऐकू येतं, पण बोलायला ती आधी हातांनी शिकली, तोंडाने नंतर. तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर डॉक्टरांनी विमानाला मनाई केली. आईने तिकडे जावं, तर शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, त्यात पासपोर्ट अडकला. या घरात फोन म्हणजे शोभेची वस्तू. एसएमएसवर "जेवली का", "झोपली का" एवढंच व्हायचं.

"एसएमएसवर बाळंतपण होत नाही," शोभाताईंनी लिहिलं. सायबर कॅफेत दोनदा जाऊन आल्या होत्या. तिथल्या पडद्यावर लेकीची बोटं मुंगीएवढी दिसायची. ज्यांची भाषाच बोटांत, त्यांना बोटं दिसायला नकोत? टीव्ही लेकीनेच मागच्या भेटीत घेऊन दिलेला. त्या टीव्हीवर लेक यायला हवी होती. मामला असा होता.

आता थोडं धंद्याचं सांगतो. कॉम्प्युटरमध्ये आवाज करणारे तिघं. एक, प्रोसेसरवरचा पंखा. प्रोसेसर म्हणजे डोकं. ते तापतं म्हणून त्याला वारा घालायचा. दुसरा, पॉवर सप्लायचा पंखा. तिसरी हार्ड डिस्क, म्हणजे आतली फिरणारी तबकडी, जी मांजरासारखी गुरगुरते. मी मुंबईहून तळहाताएवढा बोर्ड मागवला. त्याचं डोकं बेताचं, म्हणून तापही बेताचा. पंख्याऐवजी उष्णता बाहेर टाकणाऱ्या नुसत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर भागायचं. वीज लॅपटॉपसारख्या ॲडॉप्टरवर. डिस्कही लॅपटॉपची, बारकी. सगळं मिळून मिठाईच्या अर्ध्या किलोच्या बॉक्सएवढं झालं.

ते टीव्हीखाली ठेवून मी कान लावला. शांत. शोभाताईंनी वर तळहात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा कान लावला, त्यांनी पुन्हा हात लावला. एकाच पेशंटवर डॉक्टर आणि वैद्य. डिस्कची थरथर लाकडात उतरत होती. शोभाताईंनी ब्लाउजच्या पॅडचा फोम कापून दिला, तो डिस्कखाली घातला. मग त्यांनी हात ठेवला, डोळे मिटले, आणि हसल्या. एवढी मोठी पावती मला एकाही कंपनीकडून मिळालेली नाही.

पुढचं भांडण टीव्हीशी. टीव्हीला जुनी खोड असते: आलेलं चित्र थोडं फुगवायचं आणि कडा कापून टाकायच्या. सिनेमात कुणाला कळत नाही. इथे ट्रायलला वैशाली पडद्यावर आली आणि तिने हात पसरले, तर मनगटापुढे हातच नाहीत! शोभाताई घाबरून उभ्याच राहिल्या. मी टीव्हीच्या मेनूत शिरलो आणि 'चित्र आहे तसं दाखव' हा ऑप्शन शोधून काढला. हात परत आले.

हात आले, पण ते उड्या मारायला लागले. इथे माझ्यातला दुकानदार आडवा आला. मी आयुष्यभर 'क्लिअर पिक्चर' विकलेलं. त्यामुळे सेटिंगही तेच ठेवलं, एकदम स्वच्छ. पण आपलं ब्रॉडबँड त्या वेळी बोळासारखं अरुंद. स्वच्छ चित्र म्हणजे जाडजूड माणूस, बोळातून एकेकच जाणार. वैशालीचा हात छातीपाशी दिसायचा, मग एकदम कपाळापाशी. मधलं सगळं गायब. समोरच्याने दर तिसरा शब्द गिळावा तसं. अशोकरावांनी लिहिलं: "तोतरी बोलते."

मग मी चित्र मुद्दाम खराब केलं. बारीक, भुरकट, पण भराभर पळणारं. चाळीस इंचांवर वैशालीचा चेहरा म्हणजे लापशी. माझा जीव तुटत होता. हात मात्र नदीसारखे वाहायला लागले. शिवाय वेबकॅमला अंधारात नीट दिसत नाही, तो डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो आणि हलत्या बोटांना शेपट्या फुटतात. म्हणून समोरून दुसरी ट्यूबलाइट लावली. शोभाताईंची फुलाफुलांची साडी बदलायला लावली, कारण फुलांत बोटं हरवत होती. त्या साध्या निळ्या साडीत येऊन उभ्या राहिल्या आणि कॉल पुन्हा लागला.

या वेळी लेक अख्खी आली. पोट सांभाळत खुर्चीवर बसली. कितीतरी महिन्यांनी आई-बाप आणि लेक एकमेकांसमोर होते, आणि तिघं एकदम बोलायला लागले. तिघं एकदम! आपण तसं केलं तर गोंगाट होतो. इथे सहा हात चालू, आणि सगळ्यांना सगळ्यांचं कळतंय. शोभाताई टीव्हीपाशी गेल्या आणि पडद्यावरच्या पोटावर हात ठेवला. वैशाली काहीतरी म्हणाली, तिघंही हसली. मी कोपऱ्यात पेचकस घेऊन उभा. त्या खोलीत एकच माणूस बहिरा होता, तो मी. हसायचं का रडायचं कळेना, म्हणून वायरी आवरत बसलो.

त्यानंतर मी धंद्यात गुंतलो. एका सकाळी दुकान उघडतोय तर मोबाइलवर अशोकरावांचा मेसेज: "या. बाळ." मला वाटलं, कॉम्प्युटर बसला की काय! स्कूटर तशीच वळवली आणि सिडको गाठलं.

कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर वैशाली जमिनीवर पाय पसरून बसलेली, खाली प्लॅस्टिक, बाजूला तेलाची वाटी आणि बादली, नडग्यांवर पालथं घातलेलं बाळ. इकडे हॉलच्या फरशीवर शोभाताई तशाच पाय पसरून बसलेल्या आणि त्यांच्या नडग्यांवर टॉवेलात गुंडाळलेली उशी. बाळाला आज पहिल्यांदा आजीच्या पद्धतीने आंघोळ घालायची होती. वैशालीचा चेहरा भुरकट असूनही मला कळलं की ती घाबरलेली आहे. बाळाची पाठ धरली की हात मोकळे नाहीत, आणि हात मोकळे नाहीत म्हणजे विचारता येत नाही. आणि बादलीतलं पाणी निवत चाललेलं.

अडचण इकडेही होतीच. वेबकॅम टीव्हीवर चढवलेला. त्यात शोभाताईंचा फक्त अंबाडा दिसत होता. लेकीला आईचे हात हवे होते, आणि जात होता अंबाडा. मी कॅमेरा खाली काढला, स्टुलावर ठेवला, स्टूल सरकवलं, ट्यूबलाइट कलती केली. शोभाताईंचे हात चौकटीत आले.

त्यांनी उशीच्या मानेखाली पंजा दिला. तिकडे वैशालीने दिला. शोभाताईंनी उशीची पाठ वरून खाली चोळली, खांद्यापाशी थांबून, कमरेपाशी हलकं होत. तिकडे तेच. वैशाली एका कुशीचा टप्पा विसरली, तर अशोकरावांनी तिला हाक मारायला फरशीवर दाणकन पाय आपटला. त्यांच्या घरात हाक अशीच मारतात. थरथर पायातून पोचते. सिंगापूरला पोचत नाही, हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात राहणार! पुन्हा दाणकन. शोभाताईंच्या घशातूनही आनंदाचा मोठा हुंकार निघत होता, जो त्यांना स्वतःला ठाऊक नव्हता.

आणि लाल दिवा लुकलुकला.

दार मी उघडलं. देवरेकाका. बनियन तेच, आवेश दुप्पट. "अरे, छत पाडता का आमच्या अंगावर..." इतकं बोलले आणि त्यांची नजर टीव्हीवर गेली. मी हळूच म्हणालो, "काका, वैशालीची मुलगी. पहिली आंघोळ चालू आहे."

काकांनी चपला दाराबाहेर काढल्या. आत येऊन शोकेसपाशी उभे राहिले. कोणी त्यांच्याकडे बघितलंही नाही; सगळ्यांचे डोळे हातांवर होते. वैशालीने बाळाला उताणं केलं आणि पाण्याचा पहिला तांब्या ओतला. चाळीस इंचांच्या पडद्यावर ते लालबुंद तोंड उघडलं, इतकं मोठं की आतली टाळू दिसावी. शोभाताईंनी हवेत टाळ्या वाजवल्यासारखे हात नाचवले. वैशालीच्या खांद्यांवरचा ताण उतरला. आता ती आईकडे बघत नव्हती, बाळाकडे बघत होती. जमलं होतं.

धंद्यातला धडा इथेच सांगून टाकतो, कारण पुढे मला बोलायला मिळालं नाही. माझ्या त्या बोर्डातून टीव्हीला नुसतं चित्र जायचं, आवाजाची वायर वेगळी लावावी लागायची. इतकं सगळं केलं, पण ती वायर मी दुकानातून आणलीच नव्हती. म्हटलं, या घरात कुणाला लागणार? तर कुठलीही वायर गिऱ्हाइकाला लागणार नाही असं आपण आपलं ठरवू नये. गिऱ्हाइकाच्या खाली कोण राहतं, सांगता येत नाही.

देवरेकाका टीव्हीच्या आणखी जवळ गेले. एक कान पुढे केला. मग दुसरा. मग माझ्याकडे वळून, डोळे पुसत, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडले:

"अहो, आवाज वाढवा ना! पोर एवढं जीव तोडून रडतंय, कुणीतरी ऐकायला नको का?"