पदवीचा डगला

दोड्डप्पांच्या गळ्यात टेप नाही असं मी एकदाच पाहिलं, तेव्हा ते आंघोळीला निघाले होते. एरवी जेवताना, देवळात, अगदी स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती पिवळी पट्टी गळ्यात आहेच. दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही बंगळूरच्या पेठेतले जुने मराठी शिंपी. घरात बोलायचं मराठी, पण थोरल्या काकांना हाक कानडीच.

शिवणीत जास्तीचं कापड सोडायची त्यांना खोड होती. गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, अंगासरसं बसू दे." हे म्हणायचे, "आजच्या अंगापुरतं शिवतो तो शिंपी नव्हे. उद्या लग्न झालं, बायकोने दुसऱ्यांदा भात वाढला, की कुठे जाशील?" माझं चौथीतलं पोलकं मी सातवीपर्यंत घातलं, दर वर्षी एकेक शिवण उसवून.

मी प्री-युनिव्हर्सिटी पास झाले ते पन्नासचं दशक सरतानाचे दिवस. शहराभोवती कारखाने उभे राहत होते, कचेऱ्यांना टायपिस्ट मुली हव्या होत्या. माझ्या मैत्रिणी तिकडे धावल्या. मी मात्र जाहीर केलं, की मी संगीत घेऊन बी.ए. करणार. वडील म्हणाले, "अण्णाला विचार." फी दुकानातून जाणार होती, आणि दुकानात शब्द दोड्डप्पांचा.

"कलेची किंमत पैशात होत नाही, दोड्डप्पा," मी म्हणाले. हे वाक्य मी एका कॅलेंडरवर वाचलं होतं.

त्यांनी ओठांतली सुई काढली. "सरी, बरं. मग कॉलेज फी कसली घेतं?"

मी रडले. तेव्हा माझा तेवढा एकच राग तयार होता.

"स्वल्प थांब," ते म्हणाले. "माल बघितल्याशिवाय मी बोलत नाही."

रामनवमीच्या मांडवात गाणं होतं, तिथे ते मला घेऊन गेले. मी डोळे मिटून, मांडीवर ताल धरून डुलत होते. कोणी पाहिलंच तर दिसावं म्हणून. दोड्डप्पा मात्र सगळ्यांच्या शिवणी बघत होते. परत येताना त्यांनी विचारलं, "गाणाऱ्या बाईंचं पोलकं नवंकोरं. त्यांना डिग्री आहे?"

"नाही. त्या घरीच शिकल्या."

"आणि मागे तंबोरा धरलेल्या?"

"त्या बी.ए. आहेत," मी अभिमानाने म्हणाले.

"त्यांची बाही तीनदा उसवलेली आहे. आता उसवायला काही उरलेलं नाही."

माझं गाणं तिथेच रस्त्यावर पडलं. आम्ही बसस्टॉपवर आलो. मग ते म्हणाले, "आपल्या पुढे चष्मा लावलेल्या एक बाई होत्या ना?" या गृहस्थांनी मी डोळे मिटलेले असताना त्या अनोळखी बाईंना 'अम्मा, हे पोलकं कोणी शिवलं?' असं विचारून त्यांचं सगळं चरित्र काढून घेतलं होतं. त्या सरकारी मुलींच्या शाळेत गाणं शिकवत. त्या जागेला डिग्री लागते. पगार दर महिन्याला, वर पेन्शन.

"डिग्रीने गाणं येत नाही," दोड्डप्पा म्हणाले, "पण अर्जाला ती लागते. तेवढ्यापुरती घे. गाणं तुझं तू बघ. आणि रोज सकाळी सातला टायपिंगच्या क्लासला जायचं. शिवणीत असू दे."

तंबोऱ्यावरची माझी बोटं टाइपरायटरवर! अपमानाने मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तीन वर्षं मी दोन्ही केलं. मधे रेडिओची चाचणी दिली. दुसऱ्याच ओळीला आतून "पुरे, धन्यवाद" आलं. घरी मी सांगितलं, की माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. "ओळखला असेल," दोड्डप्पा म्हणाले.

पदवीदानाला डगले भाड्याने मिळत. दोड्डप्पांनी एक हुंगून परत दिला आणि काळं कापड आणून स्वतः शिवायला बसले. डगला दोन मापं मोठा बेतला आणि वर शाळेतल्या पोरीला सोडावं तसं प्रत्येक शिवणीत चार बोटं कापड सोडलं. "पदवी मिळाल्यावर माणूस वाढतं का हो?" मी चिडून विचारलं.

"वाढलं पाहिजे. नाहीतर तीन वर्षं कशाला घालवलीस?"

व्यासपीठावर मी चालता तंबू झाले होते. पाहुण्यांना माझा हात बाहीत शोधावा लागला.

पुढे दोन वर्षं कुठल्याही शाळेत जागा निघाली नाही. मी राजाजीनगरच्या एका कचेरीत पत्रं बडवली आणि त्या सकाळी सातच्या क्लासला मनातून हात जोडले. मग नेमणुकीचा कागद आला. तो घेऊन मी दुकानात धावले. तोवर दोड्डप्पांना सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. त्यांनी कागद डोळ्यांपाशी धरला.

"पेन्शन आहे ना?"

"आहे."

"सरी. आता म्हण काहीतरी. आता ऐकायला हरकत नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी गायला सांगितलं नव्हतं. मी गायले. त्यांनी अंगुस्तान घातलेल्या बोटाने मशीनच्या फळीवर ताल धरला. मी दोनदा चुकले. ते एकदाही नाही. हे कुठे शिकलात, असं विचारायचं तेव्हा सुचलं नाही, आणि पुढच्या वर्षी विचारायला ते नव्हते.

ती पेन्शन अजून येते. गेल्या आठवड्यात माझी नात म्हणाली, संगीतात डिग्री करायची आहे. तिचा बाप इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला, त्याने विचारलं, "याला स्कोप काय?" नात म्हणाली, कलेची किंमत पैशात होत नाही. ते कॅलेंडर अजून कुठेतरी छापत असावेत.

मी ट्रंकेतून डगला काढला, सगळ्या शिवणी उसवून पुन्हा घातल्या आणि अंगावर चढवला. एवढ्या वर्षांच्या भातानंतरही बसला. दोन बोटं कापड अजून शिल्लक आहे. "घे डिग्री," मी तिला म्हणाले. "पण सकाळी सातला काय शिकणार, ते आधी सांग."

चार दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. मी लक्ष दिलेलं नाही.