ताटातला कीस

हिलाल मिस्तरींना मी पहिल्यांदा पाहिलं ते भर रस्त्यात. शहाद्याच्या स्टँडकडून निघालेली एसटी त्यांच्या मागे हॉर्न वाजवून थकली होती, आणि हा साठीतला, अंगात बंडी घातलेला माणूस इनॅमलचं पांढरं ताट दोन्ही हातांत धरून रस्त्याच्या मधोमध उभा. ताटात काळंभोर तेल. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून शिवी हासडली तेव्हा त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "थांब ना भाऊ, ऊन आठेज शे," म्हणाले. त्यांच्या गॅरेजवर कडुनिंबाची गच्च सावली होती. तेल बघायला ऊन लागतं आणि ऊन फक्त रस्त्यावर होतं, म्हणजे एसटीने थांबायला हवं, इतका त्यांचा साधा हिशेब.

ते ताट हळूहळू कलतं करत. तेल एका बाजूला ओघळलं की मागे झिजलेल्या धातूचा जो भुगा चमकत राही त्याला ते कीस म्हणत. किसाचा रंग पिवळा असला तर पितळेचं बुश गेलं. पांढरा असून चुंबकाला चिकटत नसला तर पिस्टन. चिकटला तर क्रँक, कॅम नाहीतर गिअर. गाडीवाला आपलं गाऱ्हाणं सांगू लागला, आवाज असा येतो, चढावर अशी दमते, की मिस्तरी हात वर करत. "तू चूप ऱ्हाय. गाडी सांगी ऱ्हायनी ना." त्यांच्या बायकोला, आमच्या नानींना, त्या ताटाचा भारी राग. "मन्हा तोंडकडे इतलं कधी दखं नही या मानूसनी," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्यावर मिस्तरी, म्हणजे आमचे नाना, गंभीरपणे म्हणत, "तुन्हामा कीस नही ना, म्हनीसन."

मी मूळचा रनाळ्याचा. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागलो आणि शहाद्यात राहायला आलो. त्या वयात मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींचं वेड डोक्यात शिरलं होतं. घरात केळी आणि ऊस, नोकरी साखरेची, आणि पोरगा रविवारी चिखलातून उड्या मारतो, हे वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. नानांना मात्र पटलं. त्यांनी माझं इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधलं. मोठा पिस्टन, वेगळा कॅम, हलका क्रँक. साध्या तेलावर असलं इंजिन टिकत नाही. त्याला शर्यतीचं खास तेल लागतं आणि ते आमच्याकडे एकाच दुकानात मिळायचं, पारसशेठच्या.

पारसशेठच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन हे दुकान टाकलं होतं. शेठ स्वतः मात्र अहिराणीच बोलत, तीही आमच्यापेक्षा अस्सल. पंपाचे पट्टे, बेअरिंगं, ऑइल. नाना आणि ते एका शाळेतले. दोघं एकमेकांना सकाळी एकदा तरी चिडवल्याशिवाय दुकान उघडत नसत. आजूबाजूचे सगळे मेकॅनिक नाना ज्या दुकानात जातील त्याच दुकानात जायचे, त्यामुळे शेठचं दुकान कायम भरलेलं.

माझं इंजिन नानांनी बांधून दिलं ते दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. थोडं चालवून पहिलं तेल काढायचं होतं. नाना ताट घेऊन रस्त्यावर गेले, ताट कलतं केलं आणि तसेच उभे राहिले. मी पाठोपाठ गेलो. ताटाच्या तळाला बारीक चमक पसरली होती, आणि नानांनी चुंबक फिरवल्यावर ती सगळी त्याला येऊन चिकटली. नव्या इंजिनातून पहिल्यांदा थोडा कीस निघतोच. हा थोडा नव्हता. नानांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

इंजिन उघडलं. क्रँक ठीक, कॅम ठीक, गिअरचे दात नवेकोरे. फक्त तेलाच्या पंपात आतून ओरखडे, म्हणजे कुठलं तरी लोखंड त्यातून भरडून गेलं होतं. कुठलं ते कळेना. पुन्हा बांधलं, नवं तेल भरलं, पुन्हा चमक. मग त्याच महिन्यात गॅरेजमध्ये तेल बदललेल्या आणखी दोन गाड्यांत तेच. नाना तीन दिवस धड जेवले नाहीत. शेवटी मला जवळ बसवून हळू आवाजात म्हणाले, "इंजिनमा काहीज नही. मंग हाई कथाईन यी ऱ्हायनं? माले तेलना संशय शे. पन तू कोनले सांगू नको. मी शेठले इचारसू."

मी त्यातला थोडा कीस कागदात घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि भिंगाखाली पाहिला. पोलाद होतं, चपटं झालेलं. एवढंच मला दिसलं. पण मी केमिस्ट ना! मला सगळं कळलं असं वाटलं. त्याच संध्याकाळी आमच्या भागातल्या रायडर आणि मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, "पारसशेठकडचं तेल घेऊ नका. लॅबमध्ये तपासलंय." बंद डब्यातलं तेल मी तपासलंच नव्हतं. तपासायचं सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्या शहाद्यात पसरलं, तिसऱ्या दिवशी अक्कलकुव्याच्या हायवेवरच्या गॅरेजांत पोचलं. नाना भयंकर संतापले माझ्यावर. पण मग लोक त्यांनाच विचारू लागले, "नाना, खरं शे का?" आणि नाना म्हणाले, "मी त्यानाकडनं तेल लेवानं बंद करेल शे." खोटं नव्हतं, पण लोकांना तेवढं पुरलं. शेठला जाऊन विचारायचं मात्र राहून गेलं. एक दिवस गेला, मग दुसरा, मग जाणं अवघड झालं. एका शाळेतली माणसं समोरासमोरच्या फुटपाथवरून एकमेकांकडे न बघता जाऊ लागली. शेठच्या दुकानात तेलाच्या डब्यांवर धूळ बसली. त्यांनी तेलाचं कपाटच काढून टाकलं आणि नुसते पट्टे विकत बसले. कुणापाशी एका शब्दाने तक्रार केली नाही. मला वाटायचं, गुन्हेगार आहेत म्हणून गप्प आहेत. असा मी शहाणा!

नानांनी मग नंदुरबारहून तेल मागवलं, दुसऱ्या कंपनीचं. उन्हाळा तोंडावर आला होता. रविवारी सकाळी मी गॅरेजमध्ये बसलो असताना नाना त्या तेलावर चाललेल्या गाडीचं तेल काढून ताट घेऊन उन्हात गेले, आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. ताटात तीच चमक होती.

दुकान दुसरं, कंपनी दुसरी, कीस तोच. नाना आत आले आणि त्यांनी जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. नव्या तेलाचा बंद डबा फोडला आणि थेट ताटात ओतला. आजवर त्यांनी हजारो गाड्यांचं निघालेलं तेल पाहिलं होतं, आत जाणारं तेल कधीच नाही. तेल मधासारखं स्वच्छ. मग त्यांनी तेच तेल आपल्या रोजच्या नरसाळ्यातून दुसऱ्या ताटात ओतलं. आम्ही दोघं उन्हात उकिडवे बसलो. सोनेरी तेलाच्या तळाशी दोन काळे केस पडलेले दिसत होते. नानांनी एक चिमटीत धरला. तो केस नव्हता, तार होती.

दसऱ्याला आमच्याकडे घरोघर अवजारांची पूजा होते. नाना त्या दिवशी प्रत्येक पाना, प्रत्येक हातोडी स्वतः घासत, नानींनाही हात लावू देत नसत. "मन्हा देव शेतस ह्या, मीज आंघोळ घालसू," म्हणत. त्या वर्षी त्यांनी तारेचा नवा ब्रश आणला होता आणि नरसाळ्याची जाळी इतक्या भक्तीने घासली होती की ब्रशच्या तारा तुटून जाळीच्या दुमडलेल्या कडेत अडकल्या होत्या. दर वेळी तेल ओतलं की दोनचार तारा इंजिनात जात आणि पंप त्यांचा भरडा करी. नानांनी नरसाळं उलटं करून ताटावर आपटलं. तारांचा सडा पडला. मी काही बोलायला गेलो तर म्हणाले, "पाच महिना. पाच महिना मी त्याना तोंडकडे दखं नही."

मला वाटलं, आता हळूच जाऊन शेठची माफी मागतील. बाजाराच्या दिवशी दुपारी मी स्टँडजवळ होतो आणि भोंगा लावलेली रिक्षा येताना दिसली. असल्या रिक्षातून साड्यांच्या सेलची नाहीतर कीर्तनाची जाहिरात होते. त्या दिवशी आवाज ओळखीचा निघाला. "मी हिलाल मिस्तरी बोली ऱ्हायनू. आयका. पारसशेठना तेलमा काहीज खोट नव्हती. खोट मन्हा नरसाळामा व्हती. तार मन्हा ब्रशनी, हात मन्हा. शेठ चोखा मानूस शे, मी त्यासले बदनाम करं." भाजीवाल्या तराजू धरून थांबल्या. चाळीस वर्षांत कमावलेलं नाव हा माणूस भर बाजारात स्वतःच्या तोंडाने मातीत घालत होता, आणि गल्ली संपली की रिक्षा वळवून पुन्हा पहिल्यापासून सांगत होता.

रिक्षा शेठच्या दुकानासमोर आली तेव्हा शेठ बाहेर आले. मीही मागोमाग पोचलो होतो. शेठनी हात लांब करून माइकचं बटण बंद केलं. "बस आते," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी विचारलं, "मिस्तरी, एक सांग. लॅबमा तपासं म्हनीसन ग्रुपवर कोनी टाकं व्हतं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मीज टाकं," म्हणाले.

नानांकडे बटणांचा साधा फोन होता. त्यावर ग्रुप नव्हता, व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, काही नव्हतं. तो फोन त्यांच्या बंडीच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होता. शेठनी त्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि नानांचा हात धरून त्यांना रिक्षातून उतरवून घेतलं. मी "मी टाकला" हे दोन शब्द बोलू शकलो असतो. बोललो नाही. मला अजूनही धक्का बसतो, तो नानांच्या खोट्याचा नाही, माझ्या गप्प बसण्याचा.

नंतर गॅरेजमध्ये मी विचारलं, "नाना, असं का केलंत?" ते पाना पुसत होते. "मन्ही चूक इतली मोठी शे ना भाऊ, तुन्ही तिन्हामाज मावी जाई. तुले आजून नोकरी करनी शे." पुढे त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मी उद्या सांगतो, परवा सांगतो करत राहिलो. दुकानात डबे परत आले, मेकॅनिकही आले, आणि मग मला वाटू लागलं की आता सांगून काय करायचं.

पावसाळा संपता संपता नाना गेले. गॅरेजच्या ओट्यावर बसल्या बसल्याच. दहाव्यानंतर मी शेठच्या दुकानाची पायरी चढलो. शेठ पट्ट्यांची बंडलं लावत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, की तो मेसेज माझा होता, तेल मी तपासलं नव्हतं, नानांनी मला झाकलं. वाटलं होतं, शेठ ओरडतील, निदान हाकलतील तरी.

शेठनी बंडल खाली ठेवलं. "माले त्याज दिनले समजनं व्हतं," म्हणाले. "पन हाई तू मिस्तरी जित्ता व्हता तवय सांगं ऱ्हातं ना, ते त्याले बरं वाटतं."

मागून एक गिऱ्हाईक पट्टा मागत होतं. शेठ त्याच्याकडे वळले.