उगवलेल्या पत्रिका

आमच्या वाईच्या गल्लीत फौजेतून निवृत्त झालेले एक शेजारी राहतात. साधी गोष्टही ते परेडवर हुकूम द्यावा तशी सांगतात. लेकीच्या लग्नाच्या पत्रिका त्यांनी घरीच केल्या. रद्दी भिजवून वाटली, लगद्यात तेरड्याचं आणि कुर्डूचं बी मिसळलं आणि कागद थापले. वाचून झाल्यावर पाहुण्यांनी पत्रिका मातीत घालायची, म्हणजे दारात फुलं येतील.

पण घाई झाली. कागद आतून ओले असतानाच त्यांनी मजकूर लिहिला आणि गठ्ठा ट्रंकेत ठेवला. चार दिवसांनी ट्रंक उघडली, तर अक्षरांतून फिकट कोंब वर आलेले! लग्न आठवड्यावर आलेलं.

बायको रडकुंडीला आली. "आता लोकांस्नी काय देयाचं?"

"हेच! लगनाआधीच उगवल्यात, आजून काय पायजे?"

पत्रिका परातीत मांडून ते अनवाणीच निघाले. आमच्या दारात येऊन गरजले, "आवं वैनी, अक्षरं झाकली, तारीख तोंडानं सांगतो! यायचं म्हंजे यायचं!"

ते ओलं रोपटं ओंजळीत घेऊन मी इतकी हसले की तारीख ऐकलीच नाही. संध्याकाळी विचारायला गेले, तर त्यांच्या दारात अर्धी गल्ली त्याच कामासाठी उभी होती.