मिसरी सोडलेली बाई

नवरा होता तेव्हा त्याला सांगितलं नाही. दोन लेकी आहेत, त्यांना नाही. स्वतःशी म्हणून पाहिलं एक-दोनदा, तेही अर्ध्यावरच सोडलं. मग तुम्हाला का सांगते आहे? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या तोंडाकडे बघून हे शब्द बाहेर येत नाहीत.

आमच्या गावात माझं एक नाव आहे. मराठी शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं, म्हणून लहानथोर सगळे 'बाई' म्हणतात. पण मी म्हणते ते नाव त्याचं नाही, मिसरीचं आहे. 'बाईंनी बघा, एका दिवसात सोडली. पुन्हा बोट लावलं न्हाई.' कुणाच्या सुनेची मिसरी सोडवायची असली की तिला माझ्यापुढं आणून बसवतात — बाई, हिला सांगा जरा. आणि मी सांगत आले. चांगलं सांगते, सवय आहे.

मिसरी म्हणजे — तुमच्याकडे मशेरी म्हणत असतील — तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटानं दातांना घासत बसायचं. बाईच्या हातात बिडी कोण देतो? मग हीच आमची बिडी. मुडबीला, माहेरी, अकरा वर्षांची होते. दाढ दुखायची म्हणून आईनं लावली. दाढ पडून गेली, मिसरी राहिली.

लग्न होऊन चिटगुप्प्याकडच्या या गावात आले, तेव्हा पहिले तीन दिवस लाजून मागितली नाही. डोकं भणभणायचं, पोट साफ होईना, सारखं रडू यायचं. नवी नवरी माहेरच्या आठवणीनं रडते असं सगळ्यांना वाटलं. थोरल्या जावेला मात्र बरोबर कळलं. तिनं तिची डबी माझ्यापुढं सरकवली आणि पाठ करून बसली, मला लाज वाटू नये म्हणून. गंगव्वा तिचं नाव. मी तिला अक्का म्हणायची.

अक्काचं सांगायचं तर — थांबा, आधी चट्ट्याचं सांगते.

आमच्या राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्याच्या थोडं पुढचं हे. अक्काच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. भाकरीला ठेचा लावला की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. थोरले दीर — त्यांना आम्ही अण्णा म्हणतो — तिला बसनं बिदरला घेऊन गेले. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, आत्ता हा नुसता चट्टा आहे. तंबाखू आज सोडली तर जाईल. नाही सोडली तर पुढचं मी सांगत नाही. अण्णा तिथंच डॉक्टरांपुढं हात जोडून उभे राहिले. कुणापुढं मान न वाकवणारा माणूस. अक्कानंच मला हे सांगितलं, हसत हसत. सांगता सांगता तिचं हसू गेलं.

"शांते, एकटीला न्हाई जमायचं मला," ती म्हणाली. "तू सोडशील तर मी सोडते."

मी लगेच हो म्हटलं. त्या घडीला मनापासून म्हटलं, एवढं तरी खरं धरा. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून दोघी पूजेला बसलो. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात असतं ते लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि शेजारी शेजारी बसून शपथ घेतली. पूजा झाल्यावर अक्कानं दोन्ही डब्या नेऊन विहिरीत टाकल्या. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते.

मी नऊ दिवस टिकले.

दहाव्या दिवशी तिसरीच्या वर्गाला शुद्धलेखन घालत होते. वाक्य सांगता सांगता पुढचं विसरले. घाम आला. एका पोरीनं नुसतं 'बाई, परत सांगा' म्हटलं, तर तिच्या पाठीत धपाटा घातला. मधल्या सुट्टीत शाळेमागं राहणाऱ्या म्हातारीकडं गेले आणि तिच्या डबीतली चिमूट मागितली. एकदाच — असंच म्हणतो ना आपण? आठवड्यानं चिटगुप्प्याच्या बाजारातून भाजलेली पुडी आणली, पत्र्याची एक डबी घेतली आणि शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांमागं ठेवून दिली. तोंडात लवंग धरून घरी यायची.

सोडता आली नाही, याची मला तेवढी लाज नाही. कितीजणींना येत नाही. तेवढंच असतं तर मी इथं बसले नसते.

अक्कानं मात्र खरंच सोडली. कशी सोडली ते मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळी उठली की तिचं बोट आपोआप दातांशी जायचं, मग ती ते बोट दुसऱ्या मुठीत धरून बसायची. दिवसभर भाजलेले चिंचोके फोडायची. कालवणात दोनदा मीठ पडायचं. लेकरांवर खेकसायची, मग त्यांना जवळ घेऊन रडायची. आणि मला विचारायची, "तुला कसं गं जमायलंय?"

काय सांगितलं असेन मी? पाणी प्या, अक्का. पूजेतली वचनं म्हणा. मन कामात घाला. ती एखाद्या पोरीसारखं ऐकायची. माझ्याकडं बघून टिकली होती ती — मला ते दिसत होतं. म्हणूनच तिला खरं सांगितलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं.

एक दिवस चुलीपाशी मी भाकरी थापत होते आणि ती शेजारी बसून निखाऱ्यांचा आर सारत होती. एकदम थांबली. "शांते, वास यायलाय गं. मिसरीचा." माझी लवंग संपली होती. तोंड फिरवून मी काय म्हणाले, ऐका. म्हणाले, "अक्का, तलफ तुमच्या डोक्यात हाय. तिथनंच वास यायलाय." तिनं खरं मानलं. माझी समजूत काढली — तुझ्यावर आळ घेतला, मनात ठेवू नको म्हणून. आणि अण्णांनाही जाऊन सांगितलं की मला नसलेला वास यायलाय, येड लागतंय काय कुणास ठाऊक.

तीन महिने निघाले. बिदरला पुन्हा दाखवलं तेव्हा चट्टा फिकट झाला होता. अण्णांनी येताना सगळ्या घराला पेढे आणले.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. शाळेला कुलूप. डबी घरी आणावी लागली. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे, दावी-बिवी ठेवायचा. त्यात मागं सारून ठेवली. गोठा झाडायला मी जायची, म्हणून मला ती जागा बरी वाटली.

आता ते सांगते.

दुपारची वेळ. अक्का आणि मी ओसरीवर तूर निवडत होतो. अण्णांना पोतं शिवायला दाभण हवा होता. तो शोधायला ते गोठ्यात गेले आणि डबी हातात घेऊन बाहेर आले. उघडून वास घेतलेला होता. ती अक्कापुढं धरली.

"ती माझी न्हाई," अक्का म्हणाली.

"मग कुणाची? बाईंची हाय काय?"

हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. असं असणंच शक्य नाही, म्हणून बोलून गेले. बोलल्यावर माझ्याकडं बघून ओशाळलेसुद्धा. अक्कानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती. किती वेळ? सुपातले चार दाणे निवडून व्हावेत, एवढाच. मला फार काही बोलायचं नव्हतं, नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. एक शब्द. शाळेत पोरांना मी रोज हेच शिकवत होते — चूक केली तर उभं राहून सांगा.

आणि मी म्हणाले — कुठून आला तो आवाज, इतका मऊ? — मी म्हणाले, "अक्का, व्हतंय असं. परत सोडा. मी हाय ना संगं."

अण्णा म्हणाले, "म्हूनच वास यायला व्हता व्हय तुला?" त्यांनी डबी उकिरड्यावर भिरकावली आणि रानात निघून गेले. अक्कानं सूप उचललं आणि आत गेली.

दिवस मावळताना मी उकिरड्यातून ती डबी शोधून आणली. फडक्यानं पुसली. हे सांगितल्याशिवाय पुरं होणार नाही, म्हणून सांगते.

अण्णा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिनं वाढलेलं जेवायचे, ताट सरकवून उठायचे. त्यांना राग नव्हता, भीती होती. पण ती दिसायची रागासारखी. पंधराएक दिवसांनी सकाळी धुरानं मला ठसका लागला. बाहेर येऊन बघते तर अक्का अंगणात तीन दगड मांडून तव्यावर तंबाखू भाजत बसलेली. सगळ्यांना दिसेल अशी. मी जवळ गेले. "अक्का, नका." तिनं वर बघितलं नाही. "नाव तर झालंच की," म्हणाली, आणि उलथण्यानं तंबाखू परतत राहिली.

त्या सकाळी मला काय वाटलं? वाईट वाटलं, असं सांगायला जीभ शिवशिवतेय. वाटलंही असेल. पण त्याआधी — मला हलकं वाटलं. घरात आता तिच्या मिसरीचा वास होता, माझा त्यात मिसळून गेला. लवंगा कमी लागायला लागल्या. हे मी आजवर मनातसुद्धा नीट म्हटलं नव्हतं.

सात वर्षांनी चट्ट्याचा फोड झाला, फोडाची गाठ झाली. सोलापूरला नेलं, विजेचे शेक दिले, पुढं काही होणार नाही म्हणून परत आणलं. तिचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना. मी शाळेतून रजा काढली आणि तिच्यापाशी बसले. पातळ आंबील चमच्यानं पाजायची, गाल पुसायची. जाऊ असावी तर अशी, असं लोक म्हणायचे. मी ऐकून घ्यायची.

एका दुपारी दोन-तीन चमचे झाल्यावर तिनं हातानं थांब म्हटलं. बोलणं जाड झालं होतं, पण मला कळायचं.

"त्या दिवशी तू बोलशील म्हून म्या वाट बघितली."

कुठल्या दिवशी, असं मी विचारलं नाही. "मग?" एवढंच तोंडून निघालं.

"मग काय. जनावरं आली रानातनं. धारा काढायच्या व्हत्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. अण्णा बाहेर ओट्यावरच बसले होते. दार उघडं होतं. हाक मारली असती तर दोन पावलांत आत आले असते. मी काय केलं? "आंबील निवायलीय, अक्का," म्हटलं आणि चमचा पुढं केला. तिनं उघडेल तेवढं तोंड उघडलं.

तीन आठवड्यांनी ती गेली. आमच्या रीतीप्रमाणे शेतात खड्डा करून तिला बसवलं. माती लोटताना बायका बोलत होत्या — हिनं ऐकलं असतं तर? बाईंचं बघा. मी पदर तोंडाला लावून उभी होते.

अण्णा आता सत्तरीच्या पुढं गेलेत. कुणी अक्काचा विषय काढला की म्हणतात, "लय सांगितलं तिला. चोरून लावली. न्हाई ऐकली." समाधीवर दगडी चौथरा बांधू म्हणून तिच्या लेकांनी दोनदा विचारलं. ते नको म्हणाले. माझं एक ऐकलं न्हाई तिनं, म्हणाले. तिथं नुसता मातीचा ढीग आहे, पावसानं बसत चाललाय. गेल्या महिन्यात मी समोर होते तेव्हा म्हणाले, "बाई, तुमच्यावानी मन घट्ट असतं तिचं तर आज हितं बसली असती." मी खाली बघितलं. त्यांना वाटलं, मला अक्का आठवली.

एक वाक्य आहे. त्यांना ऐकू चांगलं येतं अजून. किती वेळा त्यांच्यासमोर जाऊन बसले, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. अक्का गेल्यावर मिसरी सोडायचाही प्रयत्न केला, तीनदा. सहा दिवस, अकरा दिवस, चार दिवस. घरात पुतण्यांच्या बायका आहेत, त्यांच्या नाकाला कळत असेल. पण बाईंना कोण विचारणार?

आज सकाळीही लावली. मागच्या दारी, भिंतीकडं तोंड करून. मग चूळ भरली, तोंड पुसलं आणि अण्णांना चहा नेऊन दिला.