खारूताई आणि तिचा खांब

संत्र्यांच्या बागेत तिला खऱ्या नावानं कुणी कधी हाक मारलीच नाही. शिडी झाडाला टेकायचा अवकाश, ही सरसर वर! म्हणून ती खारूताई. खाली शिडी धरून तिचा नवरा उभा असायचा, तो खांब. दोघं मिळून एकच मजूर, अशी सगळे थट्टा करायचे. क्रेट मात्र तीन माणसांचे भरायचे.

खांब गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. पण लेकीच्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसून त्या दिवसांबद्दल बोलायला लागली, की खारूताईचा आवाजच तरुण होतो. सकाळची ओली बाग, दवानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, मानेवर टपकणारं गार पाणी. शेजारच्या झाडावर तिघी जावा गात असायच्या आणि खालून खांबाच्या कोट्या चाललेल्या.

"हळू गं, फळं काही पळून जात नाहीत!"

"फळं नाही, पण दिवस पळतो ना!"

मजुरी क्रेटवर होती. त्यामुळे पाणी प्यायला खाली उतरणंसुद्धा जिवावर यायचं. शिड्या जुन्या, त्यांचे पाय घासलेले. "हंगाम संपला की नव्या आणू," असं मुकादम दर हंगामात म्हणायचा.

असाच ऐन भराचा दिवस होता. ट्रक वेळेआधीच येऊन उभा राहिला. मुकादम ओरडला, "ए, सोड ती शिडी! माल चढवायला ये!" खांब घुटमळला. तेव्हा वरून तीच म्हणाली, "जा हो तुम्ही. मी काय आज पहिल्यांदा चढतेय?"

तो गेला. तिनं लांबच्या फांदीकडे हात टाकला, गळ्यातली भरलेली पिशवी एका अंगाला कलली आणि शिडी ओल्या गवतावरून सटकली. ती खाली आपटली. गाणाऱ्या जावांतली थोरली धावत आली. खारूताई दात आवळून म्हणाली, "ओरडू नकोस. पाय मुरगळलाय नुसता."

आज जो बसला त्याला उद्या बोलावणं नाही, हे बागेत सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग संध्याकाळपर्यंत ती खाली पडलेली फळं वेचत राहिली. घरी आल्यावर बूट काही केल्या निघेना, तेव्हा खांबानं तो कात्रीनं कापला. हाड मोडलेलं होतं, आणि दिवसभर त्याच पायावर वावरल्यानं आणखी सरकलेलं. पाय कायमचा वाकडा राहिला.

त्यानंतर खांबाच्या कोट्या बंद झाल्या. "मी गेलो नसतो तर..." एवढंच पुटपुटायचा.

"पाठवलं कुणी? मीच ना? मग पुरे आता. असं तोंड करून बसलात तर घरातलं दूध नासेल."

पुढच्या हंगामात तो मुकादमासमोर उभा राहिला. "ट्रक येवो नाहीतर आणखी कुणी येवो, वरचं माणूस खाली उतरल्याशिवाय मी शिडी सोडणार नाही."

"मग घरी जाऊन पलंग धर," मुकादम म्हणाला.

काम गेलं. बाकीचे मान खाली घालून गप्प राहिले. त्यांनाही पोटं होती. खारूताईनं त्यांच्यावर कधी राग धरला नाही.

टेकडीपलीकडच्या बागेत एका मालकीणबाईंनी दोघांना ठेवून घेतलं. तिथं काम रोजावर होतं, त्यामुळे उरस्फोड नव्हती. खांबाकडे शिड्यांची देखभाल आली. कुठं पायरी सैल दिसली, की ती शिडी त्या दिवशी कुणाला मिळायची नाही. खारूताई शेडमध्ये बसून फळं निवडायची. सुखाचं काम होतं. पण झाडांवरून बायकांचं गाणं ऐकू आलं, की तिचे हात थबकायचे.

एकदा तोडणी संपली, माणसं पांगली, तेव्हा ती म्हणाली, "मला एकदा वर जायचंय."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"धरा की तुम्ही. पडलेच तर तुमच्यावर पडेन. मऊ आहात."

त्यानं शिडी हलवून पाहिली, जागा बदलली, परत हलवून पाहिली. आधी चांगला पाय, मग वाकडा, असं दर पायरीला दम खात ती वर पोचली. पानांतून डोकं बाहेर काढलं तर लांबवर नदीचं वळण, पत्र्याची छपरं, आणि खाली उन्हात चकाकणारं नवऱ्याचं टक्कल. इतकं हसू फुटलं, की तिला फांदी धरावी लागली.

"काय झालं गं?" तो घाबरून ओरडला.

"काही नाही. वरून फार छान दिसता!"

तो लाजला, पण शिडीवरचे हात काही त्यानं काढले नाहीत. ती वर बराच वेळ थांबली, आणि त्यानंही तिला उतरायची घाई केली नाही.