आठ यंत्रांच्या शैलाताई

शैलाताई पाटणकर कामाला बसल्या की आधी माउस उचलून ड्रॉवरमध्ये टाकत. मग काळ्या पडद्यावर एक लांबलचक कमांड लिहीत. एंटर दाबताच हॉलमधल्या आठही कॉम्प्युटरांचे पंखे एकदम घोंघावू लागत. "चलो, लागले सगळे कामाला," म्हणत त्या चहाला उठत.

नोएडात तेव्हा शेतं मोडून सेक्टर वसत होते. परदेशी औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड आमच्यासारख्या नव्या ऑफिसांत येऊ लागली होती. मी नांदेडहून संख्याशास्त्राची पदवी घेऊन आलेली. एका यंत्रावर आठवडाभर रखडणारं गणित ताई तुकडे करून आठांना वाटत. यंत्र ज्या आकड्यावरून पुढचे फासे टाकत जातं, तो सुरुवातीचा आकडा पहिल्यांदा वाटणी करताना मी सगळ्यांना एकच दिला. उत्तरं तंतोतंत जुळली आणि मी खूश झाले.

"अगं, हे आठ साक्षीदार नव्हेत," ताई म्हणाल्या. "एकच साक्षीदार आठ वेळा बोललाय. प्रत्येकाला वेगळी सुरुवात दे, मग ऐक काय म्हणतात."

व्होल्टेज पडलं की एखादं यंत्र मध्येच बंद पडे. ताई तेवढाच तुकडा पुन्हा चालवत. "पडला त्याला उठवा. बाकीच्यांना कशाला शिक्षा?"

एका हिवाळ्यात सांधेदुखीच्या नव्या औषधाचं काम आलं. आठांची उत्तरं एकत्र केली, तर औषध जुन्याहून सरस ठरेना. साहेब ताईंच्या टेबलाशी आले.

"शैलाजी, शुरू का नंबर बदलकर फिर चलाइए. दस बार चलाइए. कोई तो ठीक आएगा."

"चला दूँगी, सर. लेकिन रिपोर्ट में दसों लिखूँगी."

सोमवारी ते काम दुसऱ्या टीमकडे गेलं. ताईंचं टेबल पँट्रीशेजारी हलवलं. तिथे त्या हजेरीचे तक्ते टाइप करत. उन्हाळा लागताच त्यांनी राजीनामा दिला. पन्नाशीतल्या बाईला नव्या ऑफिसांत कुणी विचारलं नाही.

काही वर्षांनी त्यांना कर्करोग झाला. मी भेटायला गेले, तेव्हा त्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर शाल लपेटून उन्हात बसल्या होत्या. डॉक्टरांनी एका चाचणीत सामील व्हाल का म्हणून विचारलं होतं आणि ताईंनी होकार दिला होता.

"नवं औषध मिळतंय की जुनं, मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. बिल्कुल बरोबर पद्धत आहे."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. रोज गोळी हातात घेतली की वाटतं, ही जुनीच असणार." शाल सारखी करत म्हणाल्या, "तरी घेते."

होळीआधी त्या गेल्या. चाचणी अजून चालूच होती.

घाटावरून परतताना त्यांचे यजमान, पाटणकर काका, गाडीत माझ्या शेजारी होते. त्यांनी विचारलं, "ती मध्येच गेली. तिला धरतील ना मोजणीत?"

"हो काका. कोण कधी गेलं, त्यावरच तर निकाल ठरतो."

"अच्छा," काका म्हणाले आणि खिडकीची काच वर करू लागले. ती आधीच बंद होती.