मूठ सैल सोडायची वेळ

दोन पात्रं उड्या मारत एकमेकांना फळीवरून खाली ढकलतात, असा एक व्हिडिओ गेम माझी नात खेळते. दर रविवारी दुपारी तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी आमच्या घरी जमतात आणि दोघी-दोघींच्या जोड्या लावतात. तिच्या जोडीदारणीनं यायचं सोडलं, तेव्हा मी म्हणाले, "मला घे की."

"आजी, तुला घेतलं तर मी हरणार."

"आणि तुलाच हरवलं तर?"

"तर रविवारची जागा तुझी."

मला ती जागा हवीच होती. आत एवढा हशा चाललेला आणि मी बाहेर मेथी निवडत बसायची, हे कुणी सांगितलंय?

माझी अडचण एकच. हवेतून मारलेली लाथ झकास बसायची, पण खाली उतरलं की माझं पात्र गुडघ्यात वाकून क्षणभर तसंच अडकायचं. तेवढ्यात नात मला उडवून लावायची.

"पाय टेकायच्या किंचित आधी ढालीचं बटण दाब," ती म्हणाली. "अडकणं निम्मं होतं."

मी दाबायचे, पण पाय टेकलेले डोळ्यांनी बघून मग. शिवाय कंट्रोलर असा आवळलेला, की बोटं पांढरीफटक.

ती पांढरी बोटं बघून मला एक नवी नवरी आठवली. वैरागहून आलेली, नाकावर तोरा. सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी कुटायला समोर बसवलं. एक उखळ, दोन मुसळं. एकीचं वर तर दुसरीचं खाली. बाईसाहेबांनी मुसळ असं घट्ट धरलं, की प्रत्येक दणका खांद्यात जायचा, पुढचा घाव उशिरा पडायचा आणि मुसळावर मुसळ आपटायचं.

"अगं, मुसळ धरलंय का चोर धरलाय?" सासूबाई म्हणाल्या. "टेकायच्या आधी मूठ सैल सोड की! दणका उखळाला बसू दे."

"आमच्यात असंच कुटत्यात," म्हणाली ती शहाणी, आणि आठ दिवस तळहाताचे फोड पदराखाली लपवत हिंडली. मूठ सुटायला तिला सहा महिने लागले. सुटली तीही डोळ्यांनी नाही. सासूबाई दर घावाला "हं" करायच्या, त्या तालावर.

ती शहाणी म्हणजे मीच. मग आता हवेतून उतरतानाही मी "हं" म्हणायला लागले आणि त्याच ठेक्यावर बटण दाबायला. लाथ समोरच्याला लागली की उतरणं केसभर लांबतं, हेही लक्षात आलं. शेंगदाण्याला तेल सुटलं की मुसळ केसभर रुततं, अगदी तसंच. तेव्हा "हं" जरा लांबवायचा.

शनिवारी डाव मांडला. दोघींचा एकेक जीव उरला. मी झेप घेतली, नातीनं ढाल धरली. लाथ ढालीवर बसली. मी उतरून अडकणार, मग मला उडवायचं, हे तिचं ठरलेलं.

"हंऽ."

मी अडकले न अडकले तोच सुटले! तिनं ढाल सोडली, तोवर माझी दुसरी लाथ तिच्या छातीत. नात फळीबाहेर!

"आजी! हे कसं केलंस?"

"शिकवते की. त्यासाठी आधी किलोभर शेंगदाणे भाज."

रविवारी मैत्रिणी आल्या, तेव्हा कंट्रोलर माझ्या हातात होता. नात उखळापाशी बसलेली, बोटं पांढरीफटक.

"अगं, चोर धरलायस का?" मी आतून ओरडले. "आटप लवकर, आपला डाव आलाय!"